दोन्ही घरचा पाहुणा

प्रौढांस लिहावयास-वाचावयास शिकवावे की नाही, हा वाद आता कोणी घालीत नाही. तो वाद संपून पुष्कळ वर्षे लोटली. १९५१ च्या खानेसुमारीत आपल्या देशात शंभरांपैकी जेमतेम अठरा माणसे साक्षर आढळली होती. २०११ च्या खानेसुमारीत तेच प्रमाण शंभरांत त्र्याहत्तरांवर आले आणि महाराष्ट्रात ब्याऐंशीवर गेले. ही प्रगती लहान नव्हे. परंतु त्याच खानेसुमारीत महाराष्ट्रातील पुरुषांचे प्रमाण अठ्ठ्याऐंशी आणि स्त्रियांचे शहात्तर होते, म्हणजे आपल्या या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या प्रांतातही दर चार स्त्रियांमागे जवळजवळ एक स्त्री अक्षरापासून दूर राहिली होती. शिकविण्याची इच्छा होती, योजना होत्या, संस्था होत्या, पैसाही काही अगदीच नव्हता असे नाही. मग ही चौथी बाई राहिली कोठे, हा प्रश्न आजच्या भाषणापुरता मी आपणापुढे ठेवीत आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या म्हणींतच आहे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. एका घरी वाटते, तो दुसरीकडे जेवून आला असेल. दुसऱ्या घरी वाटते, पहिल्यांनी त्याला जेवल्यावाचून सोडले नसेल. दोन्ही घरी चूल पेटलेली असते, दोन्ही घरची माणसे मनाने उदार असतात, आणि पाहुणा मात्र रात्री रिकाम्या पोटी निजतो. प्रौढ विद्यार्थ्याची गत आपल्याकडे वारंवार अशीच झाली आहे. त्याला शिकविणारी घरे दोन नव्हेत, दहा आहेत. या दहा घरांनी एकमेकांस विचारून चालण्याची जी व्यवस्था, तिला आपण समन्वय असे म्हणतो. शब्द जड आहे आणि सरकारी कागदांत राहून तो थोडा गुळगुळीतही झाला आहे. तरी त्याच्या आतील गोष्ट अगदी घरगुती आहे.

ही घरे कोणकोणती, ते थोडे पाहू. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला शिकवावयाचे तर शाळेने आपली वेळ बदलली पाहिजे, ही दृष्टी तेव्हापासूनची आहे. १९०९ साली सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने प्रौढ स्त्रियांना शिकविण्याचे काम अंगावर घेतले. मुंबईत १९३९ साली शहराच्या प्रौढशिक्षणासाठी स्वतंत्र समिती स्थापन झाली आणि गिरणगावातल्या कामगारांचे वर्ग अनेक भाषांतून भरू लागले. ही झाली जुनी घरे. आजच्या काळात पाहू गेल्यास जिल्हा परिषदेची शाळा आहे, महापालिका आहे, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत, कौशल्य शिकविणारी जन शिक्षण संस्थाने आहेत, बचत गटांचे जाळे आहे, सार्वजनिक ग्रंथालये आहेत, कारखान्यांचे व सेवाभावी मंडळांचे वर्ग आहेत, आणि या सर्वांच्या वर केंद्र सरकारचा २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखलेला 'उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम' आहे. पंधरा वर्षांवरील पाच कोटी माणसांना पायाभूत साक्षरता देण्याचे लक्ष्य या कार्यक्रमाने ठेवले. काम स्वयंसेवकांनी करावयाचे आणि शाळा हे त्याचे केंद्र मानावयाचे, अशी त्याची रचना आहे. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी पन्नास गुणांची परीक्षा होते व उत्तीर्ण होणारास प्रमाणपत्र मिळते.

इतकी घरे असताना पाहुणा उपाशी का राहतो, हे समजण्यासाठी मुलाचे शिक्षण आणि मोठ्या माणसाचे शिक्षण यांतला एक साधा भेद ध्यानात घेतला पाहिजे. मूल एका गावाहून दुसऱ्या गावी गेले, तर त्याच्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला जातो. त्या एका कागदावर त्याचे नाव, जन्मतारीख आणि इयत्ता लिहिलेली असते. नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्या मुलाला पूर्वी कधी पाहिलेले नसते. तरी तो कागद हाती पडताच त्यांना कळते की, याला कोणत्या वर्गात बसवावयाचे. नागपूरची शाळा आणि रत्नागिरीची शाळा यांची कधी बैठक झाली नाही, त्यांनी एकमेकींस पत्र लिहिले नाही. सारा समन्वय त्या दाखल्याने केला. प्रौढ माणसापाशी असा दाखला नसतो. ती बाई जेथे जाईल तेथे नव्याने निरक्षर ठरते. अर्धी बाराखडी येत असली तरी तिला पुन्हा 'अ' पासून बसवितात, किंवा पुढच्या पुस्तकाला जुंपून घाबरवितात. दोन्ही प्रकारांत ती चौथ्या दिवशी येईनाशी होते, आणि आपण म्हणतो, यांना शिकण्याची आवडच नाही.

हा माणूस निसटतो कोठे, हे नीट शोधले तर चार फटी दिसतात.

पहिली फट गाव आणि गाव यांच्यामधली. बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून लाखो माणसे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात, परत येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फिटत जाते. आता या बाईस अक्षराची गरज किती आहे, याचा विचार करा. उचल किती घेतली, खेपा किती झाल्या, वजन किती भरले, फिटले किती आणि राहिले किती, हा तिच्या घरादाराचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत आणि दुसऱ्याच्या हाताने लिहिला जातो. तिला तीन अंकी वजाबाकी आली आणि काट्याची पावती वाचता आली, तर वर्षाच्या शेवटी तिला नुसते 'हो' म्हणण्याऐवजी 'दाखवा' म्हणता येईल. परंतु तिचे नाव नोंदलेले असते गावच्या शाळेत. गाव तिला पावसाळ्यात शिकविते. हंगाम सुरू होताच वर्ग सुटतो. जेथे ती सहा महिने खोपीत राहते, त्या कारखान्याच्या परिसरातही शाळा आहे, स्वयंसेवक आहेत. पण तेथील यादीत तिचे नाव नाही, कारण ती तेथली नव्हे. त्यातून परीक्षा आली मार्च महिन्यात, तर त्या दिवशी नाव एका जिल्ह्यात आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यात! ठाणे-पालघरकडचे कातकरी वीटभट्ट्यांवर जातात, त्यांचीही कथा निराळी नाही.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात 'शिक्षण हमी कार्डा'ची सोय करण्यात आली. मूल कोठवर शिकले हे त्या कार्डावर लिहावयाचे आणि ते जेथे जाईल तेथील शाळेने ते पाहून त्याला दाखल करून घ्यावयाचे, अशी ती कल्पना आहे. म्हणजे औषध सापडलेले आहे. ते मुलाला द्यावयाचे आणि त्याच बैलगाडीत शेजारी बसलेल्या त्याच्या आईस द्यावयाचे नाही, याला काही कारण मला दिसत नाही.

दुसरी फट पहिले पुस्तक आणि दुसरे पुस्तक यांच्यामधली. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. गाव हा घटक धरून, गावातल्याच शिक्षकांनी आणि शिकल्यासवरल्या मंडळींनी विनावेतन शिकवावे, सर्व गाव साक्षर करण्याची ग्रामदैवतासमोर शपथ घ्यावी, आणि काम पुरे झाले म्हणजे समारंभाने गावाचा गौरव व्हावा, अशी तिची पद्धत होती. लोकांच्या अभिमानाला हात घालणारी अशी मोहीम आपल्याकडे क्वचितच झाली असेल. पण गौरवाचा मांडव उतरल्यावर पाठपुरावा मोहिमेइतका जोरकस राहिला नाही, आणि शिकलेल्यांपैकी पुष्कळजण वाचलेले पुन्हा विसरले, असे पुढील काळातील अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. अक्षर ही पोहण्यासारखी विद्या नव्हे. नव्या अक्षरास सराव नसला तर ते पुसट होत जाते. शिकविणाराचे काम जेथे संपते तेथे वाचनालयाचे काम सुरू झाले पाहिजे. आपल्याकडे वाचनालये नाहीत काय? कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, महाराष्ट्र राज्याने १९६७ साली केला, आणि आज शासनाचे अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये गावोगाव आहेत. परंतु साक्षरता वर्गातून कोण कोण बाहेर पडले ही यादी ग्रंथपालास कोणी दिली, आणि मोठ्या टाइपातली, सोप्या वाक्यांची, पण मोठ्या माणसाच्या मनाला शोभतील अशी चाळीस पुस्तके वेगळ्या फळीवर कोणी मांडली, असे विचारले तर उत्तर बहुधा मौनाचेच येते.

तिसरी फट खाते आणि खाते यांच्यामधली. मुंबईत वरळी येथे १९६७ साली श्रमिक विद्यापीठ स्थापन झाले. कामगारास अक्षर आणि हातचे कसब या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली द्याव्या, ही त्यामागची दृष्टी होती. अशा संस्थांचे नाव २००० साली 'जन शिक्षण संस्थान' असे झाले. २०१८ साली या संस्था शिक्षणाच्या मंत्रालयाकडून कौशल्यविकासाच्या मंत्रालयाकडे गेल्या. यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण शिवणकाम शिकावयास आलेल्या बाईला टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत, हे एका खात्याच्या मास्तरणीला दिसते. आकडे शिकविण्याचे काम दुसऱ्या खात्याच्या कागदावर असते. बचत गटातील बाई दर महिन्याला अंगठा उठविते, हे तिसऱ्यास ठाऊक असते. तिघांच्याही वह्या नेमस्त आहेत. तिन्ही वह्यांत तीच बाई आहे, आणि या तीन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे मात्र कोणत्याच वहीत लिहिलेले नाही.

चौथी फट योजना आणि योजना यांच्यामधली. आणि ही सर्वांत कमी दिसते, कारण ती काळात पडलेली असते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पंधरा ते पस्तीस वयाच्या दहा कोटी माणसांना पाच वर्षांत शिकवावयाचे ठरले होते. १९८० च्या सुमारास सरकार बदलले आणि त्याची फेरतपासणीही झाली. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. ८ सप्टेंबर २००९ रोजी साक्षर भारत आले. ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र आणि तेथे दोन प्रेरक अशी त्याची मांडणी होती. ते ३१ मार्च २०१८ रोजी संपले. त्यानंतर २०२०-२१ साली 'पढना लिखना अभियान' आले आणि २०२२ पासून उल्लास. प्रत्येक योजनेने मागच्या योजनेपेक्षा काही ना काही सुधारणा केली, हे मान्य केले पाहिजे. पण मार्च २०१८ मध्ये जिचे पुस्तक अर्ध्यावर उघडे होते, अशा बाईच्या दृष्टीने पाहा. तिच्या गावचा प्रेरक गेला, केंद्राच्या दारास कुलूप लागले, आणि पुढच्या योजनेचे नाव ऐकू येईपर्यंत दोन वर्षे गेली. योजनेला आर्थिक वर्ष असते; शिकणाराच्या स्मरणशक्तीला ते नसते.

समन्वय ही केवळ व्यासपीठावरची गोष्ट आहे, ती प्रत्यक्षात उतरत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला केरळातील एर्नाकुलम जिल्ह्याकडे बोट दाखवावे. १९८९ साली तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने आणि केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांच्या बळावर संपूर्ण साक्षरतेची मोहीम उभी राहिली. प्रथम सुमारे पन्नास हजार स्वयंसेवक घरोघर गेले आणि पाच ते साठ वर्षे वयाच्या सुमारे पावणेदोन लाख निरक्षर माणसांची नावे त्यांनी लिहून आणली. त्यांत दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. यादी एक, पुस्तक एक, कसोटीही एकच ठरली: मिनिटास तीस शब्द वाचावेत, सात शब्द उतरवून घ्यावेत, शंभरापर्यंत आकडे लिहावेत, तीन अंकी बेरीज-वजाबाकी करावी. शिकविणारे मात्र वीस हजार आणि जागा जेथे मिळेल तेथे. काम सुरू झाल्यावर ध्यानात आले की, म्हाताऱ्या माणसांना अक्षर येत नाही याचे कारण पुष्कळदा बुद्धीत नसून डोळ्यांत आहे. तेव्हा लोकांकडून जुने चष्मे मागवून हजारोंच्या संख्येने गोळा केले आणि डॉक्टरांकडून शिकून घेऊन ते ज्याच्या त्याच्या डोळ्यांस जुळविले. समन्वय म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मास्तराला चष्मा देता येत नाही, डॉक्टराला बाराखडी शिकवावयास वेळ नाही. पण दोघांच्या मध्ये कोणीतरी उभे राहिले आणि आजीला अक्षर दिसले. ४ फेब्रुवारी १९९० रोजी तो जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. तोवर सुमारे एक लाख पस्तीस हजार माणसे कसोटीस उतरली होती.

आणि केरळाने आणखी एक शहाणपण दाखविले. १८ एप्रिल १९९१ रोजी सगळे राज्य साक्षर झाल्याचे जाहीर झाल्यावर तेथे दार लावून घेतले नाही. राज्याच्या साक्षरता मिशनने चौथी, सातवी, दहावी अशा समकक्ष परीक्षांची पायरीवर पायरी रचली आणि राहिलेल्यांसाठी वर्ग चालू ठेवले. म्हणूनच २०१८ साली शहाण्णव वर्षांच्या कार्त्यायनी अम्मांना साक्षरतेच्या परीक्षेस बसता आले आणि शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळविता आले. जाहीरनाम्यानंतर सत्तावीस वर्षांनीही त्यांच्यासाठी कोणीतरी दिवा लावून बसले होते. आपल्या शेजारच्या गोव्यानेही ३० मे २०२५ रोजी पूर्ण साक्षरतेची घोषणा केली. शंभरांत पंचाण्णव साक्षर झाले म्हणजे राज्य पूर्ण साक्षर समजावे, असा केंद्राचा दंडक आहे. दंडक रास्त आहे. पण उरलेली पाच माणसे कोण, हे कोणाच्या तरी वहीत नावानिशी असले पाहिजे, म्हणजे घोषणेचे चीज झाले.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. सगळ्या संस्थांना एका दोरीत बांधले तर त्यांचा जिव्हाळा जाईल, सर्वत्र एकाच साच्याचे वर्ग निघतील, आणि शिकविणारा माणूस फॉर्म भरण्यातच थकून जाईल, अशी ही भीती आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या एका शिक्षकाने पुढाकार घेतला, एका धर्मादाय न्यासाने साहित्य दिले, गावाने साथ दिली, आणि साठी-सत्तरीच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. हा गुलाबी रंग कोणत्याही परिपत्रकातून निघाला नसता. तो जपलाच पाहिजे.

पण समन्वय म्हणजे एकसाची रंग नव्हे, हे आपल्याला पंढरीची वारी शिकवील. आळंदीहून निघणाऱ्या पालखीच्या पुढेमागे कितीतरी दिंड्या चालतात. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी निराळा, स्वयंपाक निराळा, राहुटी निराळी. कोणी कोणाचा ताबेदार नाही. तरीही प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, रथाच्या पुढे की मागे ही जागा ठरलेली आहे, मुक्काम ठरलेले आहेत. संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या एकत्र उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, आणि मग ते टाळही शांत होतात. हरवले-सापडलेले तेथेच पुकारले जाते. हजारोंच्या मेळ्यात हरवलेली वस्तू धन्यास मिळते, ती या एका रीतीमुळे. साक्षरतेच्या कामात आपल्याकडे दिंड्या पुष्कळ आहेत. संध्याकाळची ती समाजआरती मात्र नाही.

ती असावयाची तर काय लागेल? फार खर्चाची गोष्ट नाही. प्रत्येक गावात आणि शहराच्या प्रत्येक प्रभागात शिकणारांची यादी एकच असावी, ती एका ठरलेल्या जागी असावी, आणि तेथे वर्ग चालविणाऱ्या सर्वांनी, मग ते सरकारी असोत की खासगी, तीत भर घालावी. प्रत्येक शिकणाराच्या हाती एक दाखला असावा. त्यावर तो कोठवर आला हे साध्या शब्दांत असावे: अक्षरे येतात, जोडाक्षरे अडतात, हातच्याची बेरीज येते, वजाबाकी येत नाही. कोणी स्थलांतर करून जात असेल तर पाठविणाऱ्या जिल्ह्याने कळवावे आणि येणाऱ्या जिल्ह्याने विचारावे. हे काम एका नावाच्या माणसाचे असावे, कारण जे सर्वांचे ते कोणाचेच नसते. परीक्षेची तारीख ठरविताना शेतीचा आणि गळिताचा हंगाम पाहावा, किंवा शिकणारा जेथे असेल तेथे त्याला बसू द्यावे. पहिले पुस्तक संपण्याआधीच पुढचे दार कोणते, हे सांगितलेले असावे. कोणाला वाचनालय, कोणाला शिवणवर्ग, कोणाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असलेल्या पायऱ्या. आणि महिन्यातून एकदा, ज्यांचे टाळ वाजत राहिले आहेत त्यांचे ऐकावे. जिल्हा हा या बांधणीचा स्वाभाविक घटक आहे. त्याहून लहान घटकाला परप्रांती गेलेला मजूर दिसत नाही, आणि त्याहून मोठ्याला माणसाचे नाव दिसत नाही.

श्रोतेहो, हे सर्व जिल्ह्याने आणि सरकारने करावयाचे, मग आम्ही शहरातल्या घरी बसून काय करावे, असे आपल्या मनात आले असेल. पाहुणा आपल्याही घरी येतो. सकाळी भांडी घासावयास येणारी बाई, इमारतीच्या दाराशी बसणारा पहारेकरी, गाडी पुसणारा मुलगा, यांपैकी कोणास वाचता येते, हे आपल्यापैकी कितीजणांना निश्चित ठाऊक आहे? ती बाई विजेचे बिल आपणाकडून वाचून घेते. बँकेचा संदेश आपल्या मुलीला दाखविते. औषधाची बाटली रंगावरून ओळखते. रंग बदलला की तिचा जीव टांगणीला लागतो. अशा बाईला शिकविण्याचे मनात आले म्हणजे आपण दुपारी पाटी घेऊन बसतो. हे चांगलेच आहे. पण ती महिन्याभराने काम सोडून दुसऱ्या वसाहतीत गेली म्हणजे आपण शिकविलेले वाऱ्यावर जाते, आणि एक दिवा लागला होता याची कोठेही नोंद राहत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, नवा वर्ग काढण्याआधी जुना कोठे आहे ते विचारा. जवळच्या महापालिकेच्या शाळेत जा. तेथे त्या बाईचे नाव शिकणारी म्हणून आणि आपले नाव शिकविणारा म्हणून नोंदवा. स्वयंसेवक म्हणून आपली नोंद करून घेण्याची सोय उल्लास कार्यक्रमात आहे. तिला कोणत्या भाषेत शिकावयाचे आहे ते तिलाच विचारा, कारण मुंबई-पुण्यातल्या घरकामाला येणाऱ्या सगळ्याच स्त्रिया मराठी नसतात, आणि पहिले अक्षर आपल्या आईच्या भाषेतले असावे हे कोणालाही पटेल. तिला कशासाठी शिकावयाचे आहे, तेही विचारा. एखादीला पोथी वाचावयाची असते, एखादीला बसची पाटी, एखादीला फक्त सही. तेथूनच आरंभ करा. तिने पगार न कापता अर्धा तास उशिरा काम सुरू करावे, एवढी उदारता आपल्या घराला झेपण्यासारखी आहे. आणि ती काम सोडून जाऊ लागली, तर तिच्या हाती एक चिठ्ठी द्या. तिचे नाव लिहा, कोणते पुस्तक कितव्या पानापर्यंत झाले ते लिहा, तिला काय येते आणि काय अडते ते लिहा, आणि खाली आपला पत्ता लिहा. नव्या ठिकाणी जो कोणी तिला शिकवावयास बसेल, त्याला ती चिठ्ठी वाचून पहिल्याच दिवशी कळेल की आरंभ 'अ' पासून करावयाचा नाही. सरकारी दाखला निघेल तेव्हा निघेल. तोवर ही चिठ्ठी त्याचे काम करील.

ही चिठ्ठी लिहिताना मात्र अक्षर मोठे आणि सुटे काढा, म्हणजे ज्या दिवशी तिला स्वतःला ती वाचता येईल, त्या दिवशी आपल्यासंबंधी त्यात काय लिहिले होते, हे तिला कोणाला विचारावे लागणार नाही.